थडगं काय सांगतं आणि आपण काय वदवून घेतो

जमिनीखालून जुना सांगाडा निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा कोणाचा? आपला की परका? पाठोपाठ दुसरा येतो: हा कोणत्या देवाला मानत होता? सांगाडा मोजून, माती चाळून, थर वाचून व्हायच्या आत दोन्हींची उत्तरं टीव्हीवर तयार असतात. माझं म्हणणं असं की हे दोन्ही प्रश्न थडग्याला विचारण्याजोगे सगळ्यात शेवटचे प्रश्न आहेत. आपण ते सगळ्यात आधी विचारतो, आणि पुरातत्त्वातले काही जाणते लोकही त्यांची उत्तरं खुशीने देऊन टाकतात. त्यात प्राचीन माणसांचं काही बिघडत नाही, ती गेली. बिघडतं ते आपलं.

उदाहरण घरातलंच घेऊ. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची मोठी नावं. ताम्रपाषाण, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरण्याच्या काळातल्या शेतकऱ्यांचं हे गाव साधारण इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या काळात वसतं होतं. इथे दोनशेहून जास्त दफनं मिळाली, त्यातली बहुसंख्य लहान मुलांची. गावाबाहेर वेगळं स्मशान नाही. घराच्या जमिनीखाली, नाहीतर अंगणात, जिवंत माणसांच्या पायाखालीच मेलेली माणसं.

मूल गेलं की राखाडी मातीचे दोन जाड रांजण घ्यायचे, तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवे ठेवायचे आणि मूल त्यांच्या आत. सोबत एखादं तोटीचं रंगवलेलं भांडं, एखादा वाडगा. मोठं माणूस गेलं तर खड्ड्यात उताणं, डोकं उत्तरेला. आणि घोट्याखालचे पाय तोडलेले. हाच प्रकार जोर्वे संस्कृतीच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या याच ताम्रपाषाण शेतकऱ्यांच्या, इतर गावांतही दिसला आहे.

पाय का तोडले? मेलेल्याने परत येऊ नये, भूत होऊन चालत घरात शिरू नये म्हणून, असं स्पष्टीकरण पुढे आलं आणि सगळीकडे पोचलं. मलाही ते वाचताक्षणी पटलं होतं, आणि मला शंका आहे ती नेमकी या पटण्याचीच. भुताचे पाय उलटे असतात हे ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला पाय आणि भूत यांची जोडी लावायला कष्ट पडत नाहीत. स्पष्टीकरण खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते पटतं ते इनामगावच्या मातीतल्या पुराव्यामुळे की आपल्या आजीच्या गोष्टींमुळे, हे स्वतःला विचारायला हवं. मातीला विचारण्याजोगे प्रश्न वेगळे आहेत. नडगीच्या टोकाला हत्याराचा घाव आहे का? असला तर हाड ओलं असतानाचा की नंतरचा? तोडलेल्या पायांची हाडं कुठे गेली? नंतरच्या कोणी खणलेल्या खड्ड्याने किंवा नांगराने खड्ड्याचं ते टोक उडवलं, अशी एखादी तरी घटना यात मिसळली आहे का? या प्रश्नांना हो-नाही अशी उत्तरं मिळू शकतात. ‘ते भुताला घाबरत होते का’ याला तसं उत्तर मिळत नाही.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ख्रिस्तोफर हॉक्स यांनी १९५४ मध्ये हीच गोष्ट शिडीच्या पायऱ्यांसारखी मांडली होती. जमिनीतल्या वस्तूंवरून त्या कशा बनवल्या हे सांगणं सगळ्यात सोपं. लोक काय खात, कसे जगत हे त्याहून थोडं अवघड. समाजाची रचना कशी होती हे बरंच अवघड. आणि त्यांचा धर्म, त्यांची श्रद्धा ही सगळ्यात वरची, सगळ्यात निसरडी पायरी. पुढे पुरातत्त्वज्ञ पीटर उको यांनी १९६९ मध्ये जगभरातल्या समाजांच्या अंत्यविधींचे दाखले देऊन दाखवलं की थडग्यात भांडी ठेवली म्हणजे परलोकावर विश्वास होता आणि नाही ठेवली म्हणजे नव्हता, असं सरळ गणित कुठेच बसत नाही. या दोघांनंतर पुरातत्त्व पुष्कळ पुढे गेलं, हॉक्स यांची शिडी फार निराशावादी आहे अशी टीकाही झाली. ती टीका मला अर्धीच मान्य आहे. वरच्या पायरीवर चढता येतं. पण खालच्या पायऱ्या गाळून उडी मारता येत नाही.

उडी मारल्यावर काय होतं याचा सगळ्यात महागडा धडा मोहेंजोदडोचा. तिथे घरांत, गल्ल्यांत, विधिवत न पुरलेले, अस्ताव्यस्त पडलेले काही सांगाडे मिळाले. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये त्यांचा संबंध ऋग्वेदातल्या पुरंदर इंद्राशी, म्हणजे पुरं फोडणाऱ्या देवाशी जोडला आणि शहराच्या शेवटच्या दिवशी आर्यांनी केलेली कत्तल असं चित्र रंगवलं. १९६४ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी थरांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. सांगाडे एका वेळचे नव्हतेच, वेगवेगळ्या थरांतले होते. पुढे हाडं तपासली गेली तेव्हा कत्तल म्हणावी अशा घावांच्या खुणा जवळजवळ मिळाल्या नाहीत. व्हीलर काही हौशी माणूस नव्हते. चौकोन आखून थराथराने खोदायची शिस्त भारतात रुजवणारे तेच. तरी मेलेल्या माणसांच्या बाबतीत त्यांनी थराऐवजी ऋचा आधी वाचली. आणि एक लक्षात घ्या, डेल्स यांचं म्हणणं येऊन साठ वर्षं झाली तरी ती कत्तल आपल्या राजकारणात अजून जिवंत आहे. एका बाजूला ती हवी असते, दुसऱ्या बाजूला तिचं खंडन हवं असतं, आणि दोघांनाही मूळ सांगाड्यांशी काही देणंघेणं नसतं.

आता उलटी चूक सुरू आहे. तेव्हा थडग्यात शत्रू दिसत होता, आता पूर्वज दिसतो. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन शहराचं घ्या. तिथल्या ६१ नमुन्यांवर प्रयत्न झाले आणि जनुकीय आराखडा मांडण्याइतका डीएनए एकाच व्यक्तीचा मिळाला, एका स्त्रीचा. २०१९ मध्ये तो शोधनिबंध आला. त्या स्त्रीच्या वंशात स्टेपच्या, म्हणजे मध्य आशिया आणि पूर्व युरोपातल्या गवताळ मैदानांच्या, पशुपालकांचा अंश नाही, हा त्याचा महत्त्वाचा आणि मोजून सांगितलेला निष्कर्ष. तितकाच मर्यादितही. पण पत्रकार परिषदेतून आणि मथळ्यांतून त्या एकाच बाईने आर्यांचा प्रश्न कायमचा निकालात काढला. कोणी म्हणालं बाहेरून कोणी आलंच नाही, कोणी म्हणालं आले हे सिद्धच झालं. ती कोणती भाषा बोलत होती, कोणाला हात जोडत होती, हे तिच्या हाडात नाही. कानाजवळच्या टणक हाडाला भोक पाडून वंशाचा धागा काढता येतो, प्रार्थना काढता येत नाही.

उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यातल्या सिनौलीला २०१८ मध्ये तांब्याने मढवलेल्या, पाय असलेल्या शवपेट्या आणि त्यांच्या शेजारी लाकडी गाड्यांचे अवशेष मिळाले. इसवीसनपूर्व २००० च्या आसपासचे. विलक्षण शोध, यात वाद नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने त्यांना रथ म्हटलं. चाकं भरीव आहेत, आऱ्यांची नाहीत, आणि गाड्यांसोबत घोड्याची हाडं मिळाली नाहीत. म्हणून काही अभ्यासक त्यांना बैलगाड्या म्हणतात. माझं मत विचाराल तर वाद खुला आहे आणि तो खुला राहण्यात काहीच कमीपणा नाही. पण ‘रथ’ म्हटलं की महाभारत आलं, महाभारत आलं की कुरुक्षेत्र आलं. सविस्तर अहवाल अभ्यासकांच्या हाती पडायच्या आत वस्तूला नाव मिळालं, आणि नावाच्या मागून आख्खं महाकाव्य चालत आलं. तांब्याच्या त्रिकोणी पट्ट्यांनी चाक नेमकं का मढवलं असेल, या चाकांची गाडी खरोखर रस्त्यावर धावली होती की फक्त मयतासाठी बनवली होती, हे प्रश्न मागे पडले. माझ्या लेखी तेच जास्त रसाळ आहेत.

नाव आधी आणि अहवाल मागून, याचं सगळ्यात जुनं उदाहरण राजस्थानातलं कालीबंगा. बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली तिथे १९६० च्या दशकात उत्खनन झालं. विटांच्या चौथऱ्यावर एका ओळीत मातीचे खड्डे मिळाले, त्यांत राख, मध्ये मातीचा खुंट. त्यांना ‘अग्निवेदी’ म्हटलं गेलं. हडप्पाकालीन थरांचा अहवाल प्रसिद्ध झाला २०१५ मध्ये. दरम्यानच्या जवळपास अर्ध्या शतकात कित्येक विद्यार्थी ‘कालीबंगा म्हणजे अग्निवेदी’ हे पाठ करून स्पर्धा परीक्षा पास झाले. त्या चुली होत्या, भट्ट्या होत्या की वेदी, हा वाद घालायला लागणारी मोजमापं आणि छेदचित्रं, म्हणजे थरांचा उभा काप दाखवणारी चित्रं, मात्र फार थोड्यांच्या हातात होती. एका रांगेत, चौथऱ्यावर, पुन्हा पुन्हा त्याच मापाने केलेले खड्डे हा विधीचा चांगला पुरावा असू शकतो, मी तो उडवून लावत नाही. पण घरातही तसेच खड्डे मिळत असतील तर फरक कशाने करायचा, हे मांडून दाखवायची जबाबदारी नाव देणाऱ्याची असते.

इथे इनामगावचं कौतुक करायला हवं. खोदकाम १९८३ मध्ये संपलं आणि अहवाल १९८८ मध्ये हातात आला, मानवी हाडांच्या अभ्यासासह. म्हणून तर आज मी पायांच्या स्पष्टीकरणावर शंका घेऊ शकतो. पुरावा उघड असला की उत्खनकाशी मतभेद करता येतो, आणि मतभेद होऊ शकतो म्हणूनच ते शास्त्र. सार्वजनिक पैशाने खोदलेल्या जागेचा अहवाल वीस-तीस वर्षं येत नाही, ही आपल्याकडे अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. कॅगने २०१३ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणावर यासाठी ताशेरे ओढले होते. माझी मागणी साधी आहे: देवाचं, वंशाचं, महाकाव्याचं नाव घ्यायचं असेल तर आधी नकाशा, छेद आणि मोजमापं प्रसिद्ध करा. पत्रकार परिषद नंतर. ज्याला हे जाचक वाटतं त्याने ‘मिळालं ते असं दिसतं’ एवढंच सांगून थांबावं. त्यात लाज नाही.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो: मग धर्माबद्दल पुरातत्त्वाने बोलायचंच नाही का? बोलावं की! पण कृतीपासून सुरुवात करून. नेवाशाला १९५० च्या दशकातल्या उत्खननात एका मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या आतला धागा शिल्लक राहिला, आणि तपासणीत तो कापूस आणि रेशीम यांचा निघाला. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या कोणीतरी आपल्या लेकराच्या गळ्यात तांबं घातलं. तांबं तेव्हा स्वस्त नव्हतं, बाहेरून येत होतं. ते वितळवून पुन्हा वापरता आलं असतं, तरी ते जमिनीत गेलं. यातून ‘त्यांचा परलोकावर विश्वास होता’ असं मी म्हणणार नाही. पण मेलेल्या मुलासाठी त्यांनी वापरातली मौल्यवान वस्तू कायमची सोडून दिली, हे मी छातीठोकपणे म्हणेन. मला तर हे विधान पहिल्यापेक्षा मोठं वाटतं.

दुसरी वाट अपवादांची. इनामगावला पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, फुगीर पोटाचा मातीचा रांजण मिळाला. त्यात सुमारे चाळिशीच्या एका पुरुषाचा सांगाडा, पाय दुमडून बसवलेला, आणि त्याचे पाय शाबूत. मोठ्या माणसांच्या दफनाचा रिवाज ठरलेला असताना या माणसासाठी तो बाजूला ठेवला गेला. घर मोठं, शेजारी धान्याचं कोठार. तो गावाचा प्रमुख असावा हा ढवळीकरांचा तर्क मला पटतो, कारण तो घर, कोठार, रांजण अशा वेगवेगळ्या खुंट्यांवर टांगलेला आहे. इथे मोहही तयारच असतो. बसवून दफन म्हटलं की आपल्याला लिंगायतांची, नाथांची, गोसाव्यांची समाधी आठवते. आठवू दे. पण आठवण हा पुरावा नाही. इनामगाव आणि त्या परंपरा यांच्यामध्ये दीड-दोन हजार वर्षं आहेत, आणि ती ओलांडायला मधल्या काळातले दुवे दाखवावे लागतील.

लहान मुलांचंही तेच. आजही महाराष्ट्रात दात न आलेलं मूल गेलं तर बहुतेक हिंदू घरांत त्याला जाळत नाहीत, पुरतात. इनामगावची दफनं पाहिल्यावर ‘ही परंपरा तीन हजार वर्षांची’ हे वाक्य जिभेवर येतंच. असेलही. पण कृती तीच राहून कारण बदलतं, हे आपण सणावारांत रोज पाहतो. शिवाय इनामगावला मूल घरात ठेवलं, आपण ते वेशीबाहेर नेतो. हा फरक मला साम्यापेक्षा मोठा वाटतो, आणि साम्याने भारावलेल्या माणसाच्या तो नजरेतून निसटतो. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी तिथल्या दातांचा अभ्यास केला. दाताच्या लुकणावर, म्हणजे वरच्या कठीण थरावर, वाढ खुंटल्याच्या खाचा असतात, लहानपणीच्या उपासमारीच्या, आजाराच्या. मुलं इतकी मरत होती अशा घरांत प्रत्येक वेळी दोन रांजण, तोंडाला तोंड. हे करायला लागणारं मन समजून घ्यायला मला देवीचं नाव लागत नाही.

देवीवरून आठवलं. इनामगावलाच एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी मिळाली. आत डोकं नसलेली एक कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती आणि एक बैल. मूर्तीच्या पोटात भोक, बैलाच्या पाठीवर भोक, काडी घालून ती बैलावर बसवता येईल अशी रचना. झाकणावर दुसरी एक ओबडधोबड मूर्ती, हिला मात्र डोकं आहे. ही बाळंतपणाची, मुलांचं रक्षण करणारी देवी असावी असं म्हटलं गेलं आणि लज्जागौरीशीही तिचं नातं जोडलं गेलं. लज्जागौरीच्या मूर्ती इसवीसनाच्या पहिल्या शतकांपासून मिळतात, म्हणजे मध्ये हजाराहून जास्त वर्षांची पोकळी. तरी ही वस्तू विधीची आहे असं मला ठामपणे वाटतं. मुद्दाम घडवली, पेटीत बंद केली, नजरेआड पुरली आणि पुन्हा काढली नाही, या चार कृती एकत्र आल्यामुळे वाटतं. ती देवी होती, नवस होता की करणी होती, हे मला ठरवता येत नाही. संग्रहालयातल्या पाटीवर ‘मातृदेवता’ लिहिताना पुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं तर पाटीचं काय बिघडेल?

पाटीला मी इतकं महत्त्व देतो, कारण आपल्याकडे नाव मिळालं तर वारसा, नाही मिळालं तर मुरूम. नागपूरच्या आसपास विदर्भातली शिळावर्तुळं पाहा, म्हणजे दफनाभोवती गोल मांडलेले दगड. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला शेकडो वर्तुळं आहेत. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी त्यांच्याविषयी १८७९ मध्ये लिहिलं. माहूरझरीला शां. भा. देव यांच्या उत्खननात माणसाच्या दफनासोबत घोडा आणि घोड्याच्या तोंडावरचा तांब्याचा साज मिळाला. इसवीसनपूर्व पहिल्या सहस्रकातल्या या लोकांच्या राहत्या जागा पुरेशा शोधल्या नव्हत्या तोवर ते भटके, फक्त थडगी बांधणारे, असा समज होता. मग नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, भागीमोहारीला वस्ती मिळाली, आणि समज बदलला. नुसत्या थडग्यांवरून माणसं वाचायला गेलं की मेलेलीच माणसं दिसतात, हे यातून उघड झालं.

या वर्तुळांवर आज कोणत्याही देवाचा, जातीचा, पक्षाचा दावा नाही. म्हणून त्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही, आणि शेतीच्या सपाटीकरणात, खाणीत, लेआउटमध्ये ती जातात. बस्तर-गडचिरोलीकडे माडिया गोंड आजही मृतांच्या आठवणीसाठी दगड उभे करतात. दगड का उभा केला, कोणी केला, कोणत्या जेवणानंतर केला, हे सांगणारी माणसं तिथे हयात आहेत. विदर्भातल्या वर्तुळांची उत्तरं त्यांच्याकडे तयार मिळतील असं नाही, मधलं अंतर फार आहे. पण कोणते प्रश्न विचारायचे हे त्यांच्याकडून शिकता येईल. राजस्थानातल्या बालाथलचं उदाहरण याच कारणाने मला महत्त्वाचं वाटतं. तिथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा मिळाल्या, २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याला दगडी भिंतींच्या आत, गोवरीच्या राखेत पुरलं होतं. रोगाचं निदान हाडावर उभं आहे. त्याला तसं पुरलं ते रोगामुळे आणि वैदिक रिवाजामुळे, ही पुढची कल्पना मला पातळ वाटते. एकाच लेखातली दोन विधानं, पण वाचकाने त्यांना सारखं वजन द्यायचं कारण नाही.

जुनापाणीच्या वर्तुळांची गावनिहाय मोजणी, सातबाऱ्यावर नोंद आणि जिल्हा नियोजनातून त्यांच्या कुंपणाला पैसा, एवढं तरी राज्य पुरातत्त्व विभागाने आणि नागपूरच्या नियोजन यंत्रणेने करायला हवं. आत कोण पुरलंय हे ठरायची वाट पाहायची गरज नाही. दगड गोल मांडलेले आहेत, ते माणसांनी ओढून आणून मांडले आहेत आणि आतल्या माणसासाठी मांडले आहेत, इतकं आपल्याला आजच माहीत आहे.